नासपतीचं क्रंबल, मावळातल्या घरात

श्रावणात भोरच्या बाजारपेठेत फळांच्या गाडीवर दोन फळं बऱ्याचदा शेजारी शेजारी मांडलेली असतात. एक नासपती. ती उत्तरेकडून पेटीत बसून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात उतरते आणि तिथून भोर-नसरापूरपर्यंत येते. दुसरा पेरू, जवळपासच्या बागेतला. नासपतीला गिऱ्हाईक कमी. कडक असते, चवीला पाणचट लागते, दाताखाली रेती आल्यासारखं वाटतं, अशा तिच्याबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. पेरूला मात्र कुणी परकं मानत नाही. नवल हे, की ‘पेरू’ हे नाव मुळात नासपतीचंच आहे.

पोर्तुगीज भाषेत नासपतीला ‘पेरा’ म्हणतात. उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं पेरूचं फळ पोर्तुगीजांच्या काळात हिंदुस्थानात पोचलं, तेव्हा त्याचा आकार पाहून ओळखीच्या फळाचं नाव त्याला चिकटलं, असं भाषेचे अभ्यासक मानतात. गोव्याचे व्युत्पन्न भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या शब्दाचा प्रवास आहे. कोकणीत ‘पेर’, मल्याळममध्ये ‘पेरक्का’, बंगालीत ‘पेयारा’ ही सगळी त्याच घराण्यातली नावं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाशी त्यांचा संबंध नाही.

नासपती स्वतःही भारतात पाहुणी म्हणूनच आली. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्सांग लिहितो, की कनिष्काच्या काळी पंजाबात ओलीस ठेवलेल्या चिनी राजपुत्रामुळे नासपती आणि पीच ही फळं इकडे रुजली. म्हणून संस्कृतात नासपतीला ‘चीनराजपुत्र’ असं भारदस्त नाव मिळालं. हिमालयाच्या उतारांवर तिची एक रानटी बहीण आधीपासून होती. कुमाऊँत तिला मेहल म्हणतात. आज बागेतली नासपती काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, पंजाब आणि दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात पिकते. महाराष्ट्रात तिची बाग लावून उपयोग नाही, कारण फुलायला तिला हिवाळ्यात बराच काळ टिकणारी कडक थंडी लागते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचा गारठा त्याला पुरत नाही.

या गाडीवरच्या उपेक्षित फळाचं ओव्हनमध्ये जे सोनं होतं, त्याचं नाव क्रंबल. खाली फळाच्या फोडी, वर पीठ, तूप आणि गोड यांचा हाताने चोळलेला भुगा, आणि दोन्ही एकत्र भाजलेलं. एवढाच पदार्थ. केकसारखं फेटणं नाही, अंडी नाहीत, फुगवणं नाही, लाटणं नाही. पहिल्यांदाच ओव्हन वापरणाऱ्याने केकऐवजी यापासून सुरुवात करावी. केक बसला तर बसलाच. क्रंबल बिघडवायला खरोखर कष्ट घ्यावे लागतात.

हा पदार्थ घरोघरी पोचला तो टंचाईमुळे. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये शिधावाटप सुरू झालं आणि ते पुरतं संपायला जुलै १९५४ उजाडला. एका माणसाला आठवड्याला लोणी मिळे ते कधी कधी जेमतेम ५७ ग्रॅम, साखर साधारण २२७ ग्रॅम. इंग्रजांचा लाडका फळांचा पाय म्हणजे खाली पिठाची पारी, वर पिठाची पारी आणि मध्ये फळ. त्यात पीठ आणि चरबी दोन्ही भरपूर लागतात. मग बायकांनी खालची पारी सोडून दिली आणि वरची लाटण्याऐवजी भुरभुरली. लोणी कमी असेल तर मार्गारिन, पीठ कमी असेल तर ओट किंवा पावाचा चुरा. फळ बागेतलं, जे पडेल ते. युद्ध संपलं, शिधापत्रिका गेल्या, पण क्रंबल राहिलं. जर्मन लोक केकवर असाच भुगा फार आधीपासून घालत आले आहेत. त्यांच्या ‘श्ट्रॉइजेल’ या शब्दाचा अर्थच भुरभुरलेलं असा होतो.

टंचाईत जन्मलेल्या पदार्थाचा एक मोठा गुण असतो. तो अमुकच हवं म्हणून अडून बसत नाही. म्हणूनच तो हिरडस मावळात किंवा गुंजण मावळातही घरचाच होऊ शकतो.

हे मावळ ज्यांत येतात ते भोर आणि वेल्हे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) म्हणजे भाताचा मुलूख. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी यांच्या खोऱ्यांत खाचरं, आणि वर डोंगरउतारावर वरकस जमिनीत नाचणी नि वरई. खाचरात इंद्रायणी डोलतो. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेलं हे वाण पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्याने मनापासून स्वीकारलं. या घरांतून तांदळाची पिठी असते, नाचणीचं पीठ असतं, पोहे असतात, गूळ असतो, दुभतं असेल तर तूपही असतं. क्रंबलला लागणारं सगळं साहित्य यातून उभं राहतं. बाहेरून आणायची ती फक्त नासपती.

आता त्या भुग्याकडे वळू, कारण सगळी मेख तिथे आहे.

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी मिळून मळलं की ती एकमेकांत गुंतून चिवट जाळं तयार होतं. पोळी फाटत नाही, ताणली जाते, ती या जाळ्यामुळे. खुसखुशीत पदार्थाला हेच जाळं नको असतं. मग पाण्याआधी पिठाच्या कणांना तुपाचं अस्तर द्यायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही आणि जाळं विणलं जात नाही. मराठी स्वयंपाकघरात या क्रियेला नाव आहे: मोहन. करंजी, चिरोटे, शंकरपाळी करताना आजी पिठाला मोहन चोळते, मूठ दाबून पाहते आणि मुटका वळला की म्हणते, पुरे. इंग्रजी पुस्तकं ज्याला लोणी पिठात चोळून चुऱ्यासारखं करणं म्हणतात, ते हेच. फरक एवढाच, की करंजीला मोहनानंतर दूध-पाणी घालून पीठ भिजवतात. क्रंबलमध्ये मोहनावरच थांबायचं. पुण्याच्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं, गावोगावच्या बेकऱ्यांतली नानकटाई, ही सगळी याच विद्येची लेकरं. ज्या घरात दिवाळीचं फराळाचं बरं होतं, त्या घराला क्रंबल शिकवायची गरज नाही. फक्त थांबायचं कुठे ते सांगावं लागतं.

प्रमाण वजनाने सोपं आहे: दोन भाग पीठ, एक भाग लोणी, एक भाग गोड. पण आपल्याकडे लोण्याऐवजी तूप घालायचं असेल तर हिशेब बदलतो. बाजारच्या लोण्यात चरबी ८० टक्के, उरलेलं बहुतेक पाणी. कढवलेल्या तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणजे १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम तूप पुरतं. आणि एक फरक हाताला कळतो. लोण्यातल्या पाण्यामुळे भुग्याचे छोटे गोळे धरतात आणि भाजल्यावर ते कुरकुरीत खडे होतात. तुपाचा भुगा रेतीसारखा सुटा राहतो. त्यावर उपाय म्हणजे शेवटी थंड दुधाचा एखादा चमचा शिंपडून बोटांनी हलकेच चाळवायचं, मळायचं नाही. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तूप पिठात मुरून जातं आणि भुग्याचा लगदा होतो.

नाचणीचं इथे विशेष जमतं. तिच्यात ग्लुटेन नाहीच, त्यामुळे चिवटपणाची भीती अर्धी संपते. भाजल्यावर येणारा तिचा खमंग, किंचित मातकट वास नासपतीच्या सौम्य चवीला आधार देतो. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गव्हात ते कितीतरी कमी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केल्यावर शहरात नाचणीची बिस्किटं महाग पाकिटांत दिसू लागली. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर ती कुठे गेलीच नव्हती. मात्र सगळं पीठ नाचणीचं घेतलं तर भुगा कोरडा आणि फार भुसभुशीत होतो. गव्हाच्या पिठाच्या साधारण निम्म्याने नाचणी घ्यावी.

ओटचं काय? विलायती पाककृतींत भुग्यात ओट हमखास असतात. ओट म्हणजे वाफवून रुळाखाली चपटं केलेलं धान्य. आपले पोहे म्हणजे भिजवून, भाजून चपटा केलेला भात. घडण इतकी मिळतीजुळती आहे, की पातळ पोहे हाताने किंचित चुरडून घातले तर ओटची आठवणही येत नाही. उलट पोहे जास्त कुरकुरीत होतात. भाताच्या मुलखात राहून ओटचा डबा विकत आणण्याचं मुळीच कारण नाही.

एवढं झाल्यावर फळाची निवड. नासपतीबद्दलच्या बहुतेक तक्रारी तिच्या पिकण्याची रीत न कळल्याने होतात. आंब्यासारखीच ती झाडावरून काढल्यावर पिकते. झाडावरच राहू दिली तर गाभ्याकडून बाहेर पिकत येते आणि बाहेरून ठीक दिसेपर्यंत आतून पिठूळ, तपकिरी होते. म्हणून बागायतदार ती कडक असतानाच उतरवतात, आणि गाडीवर येते तेव्हा ती कडकच असते. घरी आणून तिला दोन-चार दिवस द्यायचे. फळातून निघणारा इथिलीन वायू पिकण्याला गती देतो. तो कोंडून ठेवला की काम लवकर होतं. भोर-वेल्ह्यातल्या घराला हे वेगळं शिकवायला नको, आंब्याची आढी घालतात ती याच तत्त्वावर. भाताच्या पेंढ्यात नासपती ठेवून शेजारी एक पिकलं केळं ठेवलं, की आढी लागलीच. पिकली का ते पाहायला पोट दाबू नये. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबावं. तिथे किंचित लवली की फळ तयार. क्रंबलसाठी मात्र पूर्ण मऊ होऊ देऊ नये. खाण्याला तयार व्हायच्या एक दिवस आधीची नासपती सगळ्यात चांगली, म्हणजे भाजल्यावर फोडीचा आकार राहतो.

जातीतही फरक आहे. पंजाबात ‘पत्थरनख’ नावाची कडक नासपती होते आणि बाजारात जी स्वस्त, गोल, खरबरीत सालीची फळं येतात ती या घराण्यातली. मऊ, रसाळ, लांबट मानेची जी जात असते तिला उत्तरेकडे बब्बूगोशा म्हणतात. रेतीसारखं लागणारं जे असतं, त्या खऱ्या दगडपेशी. या पेशींच्या भिंती लिग्निनने, म्हणजे लाकूड ज्याने कठीण होतं त्याच द्रव्याने, जाड झालेल्या असतात. कितीही शिजवलं तरी त्या मऊ होत नाहीत. नासपतीत त्या गाभ्याभोवती दाटीने असतात. म्हणून कडक जातीचं फळ घेतलं तर साल जाड काढावी आणि गाभा काढताना हात राखू नये, बोटभर गर जास्त गेला तरी चालेल. पेरूतही याच दगडपेशी असतात, त्या सालीलगतच्या गरात. नाव एक, आकार एक, रेतीही एक!

पिकलेल्या नासपतीत ८४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि आंबटपणा फार थोडा. इथे लिंबू हवंच. ते दोन कामं करतं. चिरलेली फोड हवेला लागली की फळातलं एक विकर तिला तपकिरी करतं; आम्लामुळे त्याची गती मंदावते. आणि जिभेला जो फिकेपणा जाणवतो, तो आंबटाची धार आली की पळतो. सुंठ किंवा जायफळ नासपतीशी फार छान जमतं. वेलदोडा चालतो, पण तो घातला की पदार्थ शिऱ्याच्या वळणाने जाऊ लागतो. दालचिनीची इंग्रजांना सवय आहे म्हणून ती घालायलाच हवी असं नाही.

आता भाजताना काय घडतं? एकाच भांड्यात दोन वेगळे स्वयंपाक चालू असतात. ओव्हनचं तापमान १८० अंश सेल्सियस ठेवलं, तरी खालच्या फळात पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही. तिथे फोडी स्वतःच्या रसात शिजतात, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं आणि फोड मऊ पडते. त्या रसात चमचाभर तांदळाची पिठी मिसळलेली असेल तर तिचे कण फुगून रस दाटतो. नाहीतर वाढताना खाली पाणीच पाणी. वरचा भुगा मात्र कोरडा असतो. तो १०० अंश ओलांडतो आणि १४० च्या पुढे गेला की पिठातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात ती प्रक्रिया सुरू होते, जिच्यामुळे भाजलेल्या भाकरीला, कढवलेल्या तुपाच्या बेरीला आणि परतलेल्या रव्याला खमंगपणा येतो. खाली शिजणं, वर भाजणं. म्हणून भुगा दाबून थापू नये. खालची वाफ वर यायला वाट हवी. दाबला तर ती अडते, भुग्याचा खालचा थर कणकेच्या गोळ्यासारखा कच्चा राहतो. कडेने रस बुडबुडत वर येताना दिसला, की खालचं झालं असं समजावं.

चार-सहा जणांसाठी हिशेब असा. पाच-सहा मध्यम नासपती, म्हणजे सोलून-चिरून पाऊण किलोच्या आसपास. बोटाच्या पेराएवढ्या जाड फोडी. त्यांना एका लिंबाचा रस, दोन चमचे चिरलेला गूळ, एक मोठा चमचा तांदळाची पिठी, पाव चमचा सुंठ. भुग्यासाठी १२० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम नाचणीचं पीठ, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम पातळ पोहे, ८० ग्रॅम थिजलेलं तूप, ८० ग्रॅम कोरडा चुरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नये. त्याच्याशिवाय गोड सपाट लागतं. तूप आणि पिठं बोटांच्या टोकांनी चोळायची, तळव्याने नाही, कारण तळवा गरम असतो आणि तूप वितळतं. पोहे आणि गूळ शेवटी. फळ पसरट भांड्यात, त्यावर भुगा सैल हाताने पसरून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटं. काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नये. रस तेवढ्या वेळात दाटतो, आणि उकळता गूळ जिभेला फार वाईट भाजतो.

टेबलावर मावणाऱ्या दीड हजार वॉटच्या छोट्या ओव्हनला या सगळ्यात एक युनिटच्या आसपास वीज लागते. नुसत्या मायक्रोवेव्हने काम होणार नाही. तो पाण्याचे रेणू हलवून पदार्थ तापवतो, म्हणजे फळ छान शिजतं पण भुगा पांढराफटक राहतो. गरम हवेचा, कन्व्हेक्शनचा पर्याय असेल तरच तो उपयोगी.

पण ओव्हन नसेल तर? आणि पावसाळ्यात डोंगराकडच्या गावांत झाड पडून वीज गेलेली असेल तर? हा प्रश्न भोर-वेल्ह्यात नुसता कल्पनेतला नाही.

बरेच जण कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी मीठ पसरतात आणि त्यात भांडं ठेवून मंद आचेवर भाजतात. केकसाठी ही युक्ती ठीक आहे. क्रंबलसाठी ती अपुरी पडते, कारण कुकरात उष्णता खालून येते आणि क्रंबलला ती वरून हवी. फळाची वाफ झाकणाला लागून भुग्यावरच ठिबकते. जुन्या कोकणी-गोमंतकी स्वयंपाकात याचं उत्तर फार पूर्वी सापडलं होतं. काकडीचं धोंडस जाड बुडाच्या पातेल्यात करतात, तेव्हा वर ताट झाकून त्यावर निखारे ठेवतात. गोव्याची बिबिंका तर थरावर थर घालत वरच्या विस्तवावर भाजायची. ज्या घरात चूल अजून पेटते तिथे ही रीत करून पाहण्यासारखी आहे: खाली राखेतला मंद विस्तव, वर लोखंडी तव्यावर लालबुंद निखारे. झाकण खोलगट आणि आतून कोरडं राहील असं हवं, मध्ये दोनदा उघडून पुसावं.

गॅसवर त्याहून सोपी आणि खात्रीची वाट आहे. दोन्ही स्वयंपाक वेगळे करायचे. फोडी, लिंबू, गूळ झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं मऊ करायच्या, शेवटी पाण्यात कालवलेली पिठी लावून रस दाट करायचा. दुसऱ्या जाड कढईत तुपावर कणीक आणि नाचणी भाजायची, जशी लाडवाला भाजतात तशी, वास सुटेपर्यंत. पोहे वेगळे कुरकुरीत करून घालायचे. कढई उतरवून भुगा कोमट झाल्यावरच गूळ मिसळायचा. गरमात घातला तर तो वितळून सगळं धरून ठेवील आणि क्रंबलऐवजी वड्या होतील. वाढताना वाटीत फळ, वर भुगा. ओव्हनमधल्या क्रंबलमध्ये फळ आणि भुगा जिथे भेटतात तिथे एक चिकट, अर्धवट कारमेल झालेला थर होतो, तो यात मिळत नाही. बाकी काही उणं नाही, आणि एका गोष्टीत तर ही पद्धत सरसच ठरते.

ती गोष्ट म्हणजे दमटपणा. बाजारात नासपती येते जुलै ते सप्टेंबर, म्हणजे नेमकी त्या महिन्यांत जेव्हा तोरणा आणि राजगड ढगात असतात, वरंधा घाटात दरडी येतात आणि घाटमाथ्याकडच्या गावांत आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. पूर्वेकडे महामार्गालगत पाऊस झपाट्याने कमी होत जातो. पश्चिमेला मात्र भिंतीही ओलसर होतात. गूळ हवेतलं पाणी ओढतो. साखरेपेक्षा जास्त ओढतो, कारण त्यात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. सकाळी कुरकुरीत असलेला भुगा संध्याकाळी मऊ पडतो, शिवाय खालून फळाची ओल असतेच. म्हणून या दिवसांत क्रंबल करून ठेवायचा पदार्थ नाही, लगेच खायचा. कोरडा भाजलेला भुगा मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगला राहतो, आणि पाहुणे आले की फळ तेवढं शिजवायचं.

नासपती नसेल त्या महिन्यांत पेरू आहेच, आणि पेरूच्या क्रंबलला पुणेकरांनी थोडा जवळिकीचा हक्क सांगायला हरकत नाही. भारतभर ज्याची लागवड आहे तो ‘सरदार’ पेरू, ज्याला ‘लखनऊ ४९’ असंही म्हणतात, तो नावाप्रमाणे लखनऊत जन्मला नाही. पुण्यात गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ च्या सुमारास निवड पद्धतीने तो काढला. मृग बहराचा पेरू हिवाळ्यात येतो, त्याला गोडी जास्त. त्याचं क्रंबल करताना बिया काढल्याच पाहिजेत, नाहीतर भाजलेल्या भुग्यात त्या खड्यांसारख्या लागतात. मधला गर चमच्याने कोरून काढावा, थोड्या पाण्यात उकळून गाळावा आणि तो दाट रस फोडींवर ओतावा. पेरूत पेक्टिन इतकं असतं, की तांदळाच्या पिठीची गरज राहत नाही. पेरू नासपतीपेक्षा टणक, म्हणून फोडी आधी दहा मिनिटं झाकून शिजवून घ्याव्यात.

मे महिन्यात याच डोंगरांत दुसरं फळ पिकतं. वरंध्याच्या वाटेवर, वेल्ह्याच्या रस्त्यांवर पानांच्या द्रोणातून विकली जाणारी काळी करवंदं. आंबट-गोड, पेक्टिनने भरलेली, रंगाने गडद. ती शिजवून, गाळून, कापलेल्या आंब्यात मिसळली आणि वर नाचणीचा भुगा घातला, तर तयार होणाऱ्या पदार्थाला इंग्लंडात नाव नसेल. तोरणा किल्ल्याला ज्या तोरणाच्या झुडपांवरून नाव मिळालं असं सांगतात, त्याची पांढरी फळंही याच सुमारास असतात. ती मात्र शिजवू नयेत, झुडपाखाली उभं राहूनच खावीत.

क्रंबलबरोबर काय वाढायचं, यावर इंग्रज एकमताने कस्टर्ड म्हणतील. आपल्या दुकानांत मिळणारी अंडं नसलेली कस्टर्ड पावडर १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बनवली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी चालत नव्हती. मक्याच्या पिठाचं हे कस्टर्ड फ्रूट सॅलडमुळे मराठी घरांत इतकं रुळलं आहे, की ते वाढायला कुणाची ना नाही. पण गरम क्रंबलवर रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, साखर न घालता, हा त्याहून चांगला जोडीदार आहे. गुळाचा गोडवा, नासपतीचा सौम्य रस आणि चक्क्याचा थंड आंबटपणा एका घासात येतात. चक्का नसेल तर म्हशीच्या दुधाची जाड साय. आणि रात्री उरलेलं, भुगा मऊ पडलेलं क्रंबल सकाळी तव्यावर चमचाभर तूप सोडून उलथण्याने परतलं, की त्याला खालून पुन्हा कुरकुरीत साल धरते. पावसाळी सकाळी चहाबरोबर ते मुलं भांडून संपवतात.